वाचकांचे प्रश्न : नेपल्सच्या उपसागराकाठचे ग्रीक आणि रोमन जग

प्राचीन ग्रीक आणि रोमन अवशेष पाहण्यासाठी थोड्या दिवसांची सहल कशी आखावी, याविषयी आमच्याकडे अलीकडे बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. बहुतेक उत्तरे दक्षिण इटलीतील नेपल्सच्या परिसराविषयी आहेत. त्याचे कारण पहिल्याच उत्तरात दिले आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही निवृत्त आहोत. पुढील वर्षी आठवडाभर युरोपात जाऊन प्राचीन अवशेष पाहावेत, असा विचार आहे. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमांत अथेन्स, रोम आणि पॉम्पेई ही तिन्ही ठिकाणे सात दिवसांत दाखवली जातात. हा कार्यक्रम घ्यावा का? नाहीतर काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हा कार्यक्रम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सात दिवसांत तीन शहरे करायची म्हणजे विमानतळ, सामानाची बांधाबांध आणि हॉटेलांची अदलाबदल यांतच दीड-दोन दिवस खर्ची पडतात, आणि उरलेल्या वेळात अ‍ॅक्रोपोलिस, कलोसियम आणि पॉम्पेईचा मुख्य चौक यांचे केवळ ओझरते दर्शन घडते. अथेन्स आणि रोम ही दोन्ही शहरे स्वतंत्र आठवडा मागणारी आहेत. आपल्याला ग्रीक आणि रोमन अशा दोन्ही संस्कृती एकाच खेपेत, एकाच मुक्कामावरून आणि निवांतपणे पाहायच्या असतील, तर नेपल्ससारखे दुसरे ठिकाण मला सुचत नाही.

इटलीच्या मुख्य भूमीवरील ग्रीकांची पहिली वसाहत क्यूमे ही इ. स. पू. आठव्या शतकात याच किनाऱ्यावर वसली. नेपल्स हे शहर मुळात ग्रीकांनीच वसवलेले आहे. दक्षिणेला पेस्टुम येथे ग्रीकांची तीन भव्य मंदिरे उभी आहेत. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस या ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडली गेलेली पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही रोमन नगरे नेपल्सहून लोकल गाडीने तासाभराच्या आत गाठता येतात, आणि रोमन काळातील मोठे बंदर असलेले पोझ्झुओली तर नेपल्सच्या उपनगरी रेल्वेवरच आहे. रोमला उतरून वेगवान रेल्वेने सुमारे सव्वा तासात नेपल्सला पोहोचता येते. त्यानंतर परतीच्या दिवसापर्यंत हॉटेल बदलण्याची गरज पडत नाही.

पहिला दिवस नेपल्सच्या जुन्या भागात पायी फिरण्यासाठी ठेवावा. तेथील तीन लांब समांतर रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या अरुंद गल्ल्या ही ग्रीक नगररचना अडीच हजार वर्षांनंतरही वापरात आहे. आज त्याच गल्ल्यांतून स्कूटर धावतात आणि वाळत घातलेले कपडे लोंबतात. सान पाओलो माज्जोरे या चर्चच्या दर्शनी भागात दोन उंच प्राचीन स्तंभ दिसतात, ते तेथे पूर्वी असलेल्या जुळ्या देवांच्या मंदिराचे आहेत. समोरच्या सान लोरेन्झो माज्जोरे चर्चच्या खाली उतरले की रोमन बाजारपेठेची एक आखीव गल्ली दुकानांच्या गाळ्यांसह लागते. वरच्या रस्त्यावरील गजबज आणि खालची ही गल्ली यांत काही मीटरचेच अंतर आहे. शहर म्हणजे थरांवर थर कसे चढत जातात, हे समजून घ्यायला याहून चांगली सुरुवात नाही.

दुसऱ्या दिवशी हर्क्युलेनियम, तिसऱ्या दिवशी पॉम्पेई, चौथ्या दिवशी नेपल्सचे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आणि पाचव्या दिवशी पेस्टुम हा क्रम मी सुचवेन. संग्रहालय दोन्ही नगरे पाहून झाल्यावरच पाहावे, याबद्दल मी आग्रही आहे. अठराव्या शतकात नेपल्सच्या बूर्बों राजांच्या आश्रयाने उत्खनन सुरू झाले, हर्क्युलेनियमला १७३८ मध्ये आणि पॉम्पेईला १७४८ मध्ये, तेव्हा उत्तम भित्तिचित्रे भिंतींवरून कापून आणि फरशीची चित्रे उचलून राजसंग्रहात नेण्याची पद्धत होती. पॉम्पेईतील ‘फॉनचे घर’ या प्रासादतुल्य वास्तूत अलेक्झांडर आणि इराणचा राजा दारयस यांच्या लढाईचे प्रसिद्ध मोझेइक ज्या दालनाच्या जमिनीवर होते, तेथे आज त्याची प्रतिकृती बसवलेली आहे. मूळ कृती संग्रहालयाची आहे आणि तिच्या जतनाचे दीर्घ काम अलीकडच्या काळात हाती घेण्यात आले. ती रिकामी झालेली घरे आधी पाहिलेली असली, म्हणजे संग्रहालयातील प्रत्येक चित्राला आपल्या मनात एक भिंत, एक अंगण आणि एक रस्ता मिळतो. उलट क्रमाने गेल्यास ती सुटी चित्रे म्हणूनच लक्षात राहतात.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी मात्र जाण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी स्थळांना प्रवेश विनामूल्य असल्याने त्या दिवशी पॉम्पेईला फार गर्दी होते. तो दिवस टाळावा. पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० अभ्यागतांची मर्यादा आहे आणि तिकिटावर प्रत्येकाचे नाव असते, त्यामुळे तिकीट आधीच काढावे आणि पासपोर्ट जवळ बाळगावा. एप्रिल, मे आणि ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये सावली नसलेल्या दगडी रस्त्यांवर फिरणे साठीच्या पुढच्या व्यक्तींना सोसणारे नाही.

प्रश्न : पॉम्पेई फार मोठे आहे आणि पाहून माणूस थकून जातो, असे ऐकले. माझ्या आईच्या गुडघ्यांना त्रास आहे. पॉम्पेईऐवजी हर्क्युलेनियम पाहिले तर चालेल का? दोन्हींत नेमका फरक काय?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : दोन्ही नगरे एकाच उद्रेकात गेली, पण त्यांचा शेवट वेगवेगळ्या रीतीने झाला, आणि आज आपण जे पाहतो त्यातील जवळजवळ प्रत्येक फरक त्यातून आला आहे. वाऱ्याच्या दिशेमुळे पॉम्पेईवर आधी कित्येक तास हलक्या सच्छिद्र दगडांचा वर्षाव झाला. हे दगड साठून छपरे कोसळली, आणि त्यानंतर तप्त राख आणि वायूंचे लोट नगरावरून गेले. उघडे राहिलेले वरचे मजले त्यांत नष्ट झाले. म्हणून पॉम्पेईत आपल्याला मुख्यतः तळमजले आणि छपराविना भिंती दिसतात. हर्क्युलेनियमवर दगडांचा वर्षाव फारसा झाला नाही, पण तप्त लोटांनी ते नगर सुमारे वीस मीटर खोल गाडले गेले. त्या उष्णतेत आणि हवेच्या अभावी लाकूड जळून राख होण्याऐवजी त्याचा कोळसा झाला आणि ते टिकले. त्यामुळे तेथे दुमजली घरे, तुळया, दारांच्या चौकटी आणि पलंगसुद्धा पाहायला मिळतात. एका घरात दिवाणखाना आणि आतील भाग यांच्यामध्ये असलेली लाकडी आडभिंत तिच्या दारांसह उभी आहे, आणि त्या घराला तिचेच नाव पडले आहे. काळवंडलेल्या त्या फळ्यांवरील दिवे टांगण्याचे धातूचे आधार नीट पाहावेत. संध्याकाळी या घरात उजेड कुठून येत असेल, हे त्यांवरून कळते.

हर्क्युलेनियमचा आज उघडा असलेला भाग लहान आहे आणि तीन तासांत तो शांतपणे पाहून होतो. पॉम्पेईची तटबंदीच्या आतील जागा सुमारे ६६ हेक्टर असून तिचा जवळपास एक तृतीयांश भाग अजून जमिनीखालीच आहे. म्हणून ज्यांना चालण्याचा त्रास आहे त्यांनी एकच नगर निवडायचे झाल्यास हर्क्युलेनियम निवडावे, असे मी निःसंकोचपणे सांगतो. तरीही आईंना पॉम्पेई पाहण्याची मनापासून इच्छा असेल, तर पियाझ्झा अँफितेआत्रो या प्रवेशद्वाराने आत जावे. तेथून मुख्य चौकाकडे जाणारा, अडथळे काढून सपाट केलेला मार्ग खास अशा अभ्यागतांसाठी तयार केला आहे. मूळ रस्त्यांवरचे ज्वालामुखी खडकाचे मोठे चिरे मात्र झिजून गुळगुळीत झालेले आणि उंचसखल आहेत. काठी आणि चांगली पकड असलेले बूट यांशिवाय त्यांवर चालू नये.

आपल्याला दोन्ही नगरे पाहणे शक्य असेल, तर हर्क्युलेनियम आधी पाहावे. तेथील वरचे मजले, सज्जे आणि लाकडी जिने एकदा डोळ्यांत बसले, की पॉम्पेईच्या उघड्या भिंतींवर आपण ते मनाने चढवू शकतो.

पॉम्पेईत सगळे पाहण्याचा हव्यास धरू नये. ‘व्हिया देल्लाब्बोन्दान्झा’ हा मुख्य रस्ता चौकापासून सार्नो वेशीपर्यंत जातो. तेवढा एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पाच-सहा घरे-दुकाने मन लावून पाहिली, तरी दिवस सार्थकी लागतो. रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये उंच दगड रोवलेले आहेत आणि त्यांच्यामधून गाडीची चाके जातील एवढी जागा सोडलेली आहे. चाकांनी चिऱ्यांत पाडलेल्या खोल चाकोऱ्या या दगडांच्या दोन्ही अंगांनी गेलेल्या दिसतात. चौकाचौकांत सार्वजनिक पाण्याची दगडी कुंडे आहेत. त्यांपैकी काहींच्या काठावर, तोटीच्या शेजारी, एक उथळ खळगा दिसतो. पाणी भरणाऱ्या आणि पिणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तेथेच हात टेकवल्याने दगड झिजलेला आहे. आपणही तेथे हात ठेवून पाहावा. तो बरोबर बसतो. रस्त्याकडेला तोंड करून उभे असलेले, मोठे रांजण बसवलेले गल्ले हे तयार अन्न विकणाऱ्या दुकानांचे आहेत. भटारखान्यांत लाव्हा दगडाची जाती आणि त्यांच्या मागे विटांची भट्टी दिसते. एका भटारखान्याच्या भट्टीत ८१ पाव कोळसा झालेल्या अवस्थेत सापडले. भिंतींवर लाल रंगात रंगवलेली निवडणुकीची आवाहनेही काही ठिकाणी अजून वाचता येतात.

प्रश्न : पॉम्पेईत लक्ष्मीची मूर्ती सापडली होती आणि ती आपल्या मराठवाड्यातून गेली, असे शाळेत शिकलो होतो. ती पाहायला मिळते का, आणि हे खरे आहे का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मूर्ती पाहायला मिळते. पॉम्पेईच्या ज्या मुख्य रस्त्याचा वर उल्लेख आला, त्याच रस्त्यावरील एका घरात १९३८ मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरी यांना ती सापडली, आणि आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. संग्रहालयात ‘गुप्त दालन’ म्हणून ओळखला जाणारा, शृंगारिक वस्तूंचा स्वतंत्र विभाग आहे. ही मूर्ती तेथे ठेवलेली आहे. लहान मुले बरोबर असतील तर याची कल्पना असावी. तेथील प्रवेशाची वेळ आणि पद्धत तिकीटखिडकीवर आधी विचारून घ्यावी, कारण भारतातून गेलेले बरेच लोक बाकीची दालने पाहून ही मूर्ती न पाहताच परततात.

मूर्ती हस्तिदंताची असून जेमतेम वीतभर उंचीची आहे. मध्ये भरपूर दागिने ल्यालेली, जवळजवळ विवस्त्र स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या सेविका, अशी ही रचना आहे. मूर्तीच्या माथ्यावरून आत एक भोक पाडलेले आहे. त्यामुळे ती स्वतंत्र मूर्ती नसून आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान लाकडी सामानाचा पाय असावी, असे अभ्यासक मानतात. समोरून पाहून समाधान मानू नये. मागच्या बाजूची वेणी, तिच्यावरील दागिने आणि कमरेवरून उतरलेली आभूषणे यांचे कोरीव काम समोरच्याइतकेच बारकाईने केलेले आहे. हातात धरून सगळीकडून पाहायची वस्तू म्हणूनच ती घडवली गेली, हे त्यावरून पटते.

ती लक्ष्मी आहे का, या प्रश्नाचे उत्तर मी ‘बहुधा नाही’ असे देईन. शोध लागला तेव्हा तिला लक्ष्मी म्हटले गेले आणि तेच नाव रूढ झाले. पण कमळ, हत्ती अशी लक्ष्मीची ठळक लक्षणे तिच्यावर नाहीत, म्हणून आज अनेक अभ्यासक तिला यक्षी म्हणणे पसंत करतात. मराठवाड्याशी असलेला संबंध मात्र भक्कम पुराव्यावर आधारलेला आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजेच प्राचीन भोगवर्धन, येथील उत्खननात तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग मिळाला, आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही याच परंपरेतील हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आहे. यावरून पॉम्पेईची मूर्ती सातवाहनांच्या दख्खनमध्ये घडवली गेली असावी, असे मत मांडले गेले. त्याला एक अडचण आहे, आणि ती लपवू नये : पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील अक्षर कोरलेले आहे, आणि खरोष्ठी ही वायव्य भारताची लिपी. कदाचित ती मूर्ती दख्खनच्या कारागिराने घडवली असेल आणि वायव्येकडे फिरत जाऊन मग समुद्रमार्गे गेली असेल. कदाचित ती तिकडेच घडली असेल.

मूर्तीचा मार्ग अनिश्चित असला, तरी व्यापार निश्चित होता. इ. स. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गदर्शिकेत पैठण आणि तेर या दोन नगरांची नावे येतात. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून मोठ्या प्रमाणावर सुती कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरावर येते, असे त्यात नोंदवले आहे. कल्याण आणि चौल यांचाही त्यात उल्लेख आहे. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत पहिले नाव मद्याचे आहे, आणि त्यातही इटलीच्या मद्याला अग्रक्रम दिलेला आहे. नेवासे येथील उत्खननात भूमध्य समुद्राकडील मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. भारतात सापडलेल्या अशा कुंभांपैकी अनेकांच्या मातीत चमकदार काळी ज्वालामुखीय वाळू मिसळलेली दिसते, आणि ती नेपल्सच्या उपसागराकाठच्या भट्ट्यांची ओळखखूण मानली जाते. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात प्राण गमावलेले रोमन लेखक थोरले प्लिनी यांनी आपल्या विश्वकोशात, भारत दरवर्षी रोमन साम्राज्यातून किमान पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खेचून घेतो, अशी तक्रार नोंदवून ठेवली आहे; एक पौंड काळ्या मिऱ्याचा भाव ४ दिनार आणि लांब पिंपळीचा १५ दिनार होता, हेही तेच सांगतात.

आपण संभाजीनगरचे रहिवासी आहात. म्हणून इटलीला जाण्यापूर्वी तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय अवश्य पाहून जावे. तेथील हस्तिदंती मूर्ती डोळ्यांसमोर ताजी असताना नेपल्सची मूर्ती पाहिली, तर दोहोंतील साम्य आणि फरक आपले आपणच ठरवू शकाल.

प्रश्न : आमची मुलगी अकरा वर्षांची आहे. पॉम्पेईत मृत माणसांचे देह दाखवतात. हे तिला दाखवावे का?
– एक पालक, नागपूर

उत्तर : आधी ते काय आहे, हे तिला घरीच समजावून सांगावे, आणि मग तिची इच्छा विचारावी. राखेत गाडलेले देह कालांतराने नष्ट झाले, पण भोवतालची राख घट्ट झालेली असल्याने त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. उत्खननाचे प्रमुख जुझेप्पे फिओरेल्ली यांनी १८६३ मध्ये अशा पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतून ते वाळल्यावर भोवतालची राख काढण्याची पद्धत सुरू केली, आणि त्या माणसांच्या अखेरच्या क्षणाची ठेवण, कपड्यांच्या चुण्यांसह, समोर आली. अनेक साच्यांच्या आत मूळ हाडे आहेत. म्हणजे हे पुतळे नव्हेत. हे माणसांचे अवशेष आहेत, आणि त्यांच्याशेजारी उभे राहून हसतमुखाने छायाचित्रे काढणे मला अत्यंत अनुचित वाटते. हे मुलीला सांगणे हेच तिचे मुख्य शिक्षण ठरेल.

तिला आणखी एक गोष्ट जरूर सांगावी. सोन्याचे कडे घातलेली एक व्यक्ती आणि तिच्या अंगावर एक मूल, असा एक प्रसिद्ध साचा आहे. त्यांना अभ्यासक अनेक वर्षे ‘आई आणि मूल’ समजत आले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात ती व्यक्ती पुरुष असल्याचे आणि तिचे त्या मुलाशी रक्ताचे नाते नसल्याचे आढळले. दागिना दिसला म्हणजे बाई, आणि मूल जवळ घेतले म्हणजे आई, हा आपल्याच काळातील समज आपण त्या माणसांवर लादला होता.

हर्क्युलेनियमच्या जुन्या किनाऱ्यावर, होड्या ठेवण्याच्या कमानींत, सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे सापडले. तेथे आज अभ्यागतांना दिसतात त्या त्यांच्या प्रतिकृती आहेत. तरीही तो देखावा पॉम्पेईपेक्षा अधिक अंगावर येणारा आहे. लहान मुलांना तेथे नेणे टाळले तरी चालेल.

प्रश्न : मला सगळी ग्रीक मंदिरे सारखीच दिसतात. पेस्टुमला जाणार आहे. तेथे नेमके काय पाहावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ज्यांना सगळी ग्रीक मंदिरे सारखी दिसतात, त्यांच्यासाठीच पेस्टुम आहे. तेथे एकाच मैदानात डोरिक या ग्रीक स्थापत्यशैलीतील तीन मंदिरे आहेत, आणि ती साधारणपणे शंभर वर्षांच्या अवधीत बांधली गेली. त्यामुळे एक स्थापत्यशैली कशी शिकत शिकत पुढे गेली, हे चालत चालत पाहता येते. नगर वसवले ग्रीकांनी, इ. स. पू. ६०० च्या सुमारास, आणि त्याचे नाव होते पोसिडोनिया. पुढे ल्युकेनियन या दक्षिण इटलीतील लोकांनी ते घेतले, आणि इ. स. पू. २७३ मध्ये रोमनांनी वसाहत स्थापल्यावर ते पेस्टुम झाले.

सुरुवात सर्वांत जुन्या मंदिरापासून करावी. हे हेरा देवीचे मंदिर इ. स. पू. ५५० च्या सुमाराचे आहे. अठराव्या शतकातील लोकांनी त्याला रोमन सभागृह समजून ‘बॅसिलिका’ म्हटले आणि ते चुकीचे नाव अजून चालू आहे. समोरून खांब मोजावेत. ते नऊ भरतात. खांबांची संख्या विषम असल्यामुळे मधोमध दार येण्याऐवजी खांब येतो, आणि आतही गाभाऱ्याच्या मध्यातून खांबांची एक रांग गेलेली आहे. देवतेची मूर्ती मधोमध ठेवून समोरून पाहण्याची सोयच उरत नाही. खांब मध्यावर लक्षात येईल इतके फुगीर आहेत आणि त्यांच्या माथ्यावरील दगडी उशा पसरट, दबलेल्या आहेत. वरचे ओझे त्या दगडाला जाणवते आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. आता शेजारच्या मंदिराकडे यावे. त्याला ‘नेपच्यूनचे मंदिर’ म्हणतात, पण तेही बहुधा हेराचेच असावे, ते इ. स. पू. ४६०-४५० च्या सुमाराचे, म्हणजे अथेन्सच्या पार्थेनॉनच्या अगदी थोडे आधीचे आहे. येथे समोर सहा आणि बाजूंना चौदा खांब आहेत, फुगीरपणा आवरलेला आहे, उशा ताठ झाल्या आहेत, आणि गाभाऱ्याचा मध्य मोकळा सोडून आतील खांब दोन रांगांत, एकावर एक दोन मजली रचले आहेत. पहिल्या मंदिराने निर्माण केलेली अडचण दुसऱ्याने सोडवली. एवढा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर आपण जगातील कोणत्याही डोरिक मंदिरासमोर अनोळखी राहणार नाही. तिसरे, अथेनाचे मंदिर उत्तरेला थोड्या उंचवट्यावर आहे. ही मंदिरे स्थानिक चुनखडकाची असून मूळची त्यांवर गिलावा होता. आज दिसणारा मधासारखा रंग हा उघड्या पडलेल्या दगडाचा आहे. मंदिरे इतकी टिकली याचे एक कारण म्हणजे पुढे हा भाग दलदलीचा आणि हिवतापाचा झाला व लोकांनी नगर सोडले, त्यामुळे दगड वाहून नेऊन नवी घरे बांधणारे फारसे कोणी उरले नाही.

संग्रहालय चुकवू नये. जून १९६८ मध्ये सापडलेल्या एका कबरीचे पाच रंगवलेले दगडी फलक तेथे आहेत, ते इ. स. पू. ४८०-४७० च्या सुमाराचे आहेत. चार बाजूंना मद्यपानाच्या मैफलीची दृश्ये आहेत, आणि झाकणाच्या आतल्या अंगावर, म्हणजे मृताच्या डोळ्यांसमोर, पाण्यात सूर मारणारा एक तरुण रंगवलेला आहे. त्या काळातील ग्रीक चित्रकला आपल्याला मुख्यतः भांड्यांवरूनच माहीत आहे. म्हणून या फलकांसमोर पुरेसा वेळ उभे राहावे.

आपण कोल्हापूरचे आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. पोसिडोनिया हे नगर ज्या समुद्रदेवाच्या नावाचे, त्या पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती आपल्या शहरातील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात सापडली आणि ती टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. तिच्याबरोबर मिळालेल्या कांस्य भांड्यांपैकी काही नेपल्सच्या परिसरातील कारागिरीशी जुळतात, असे अभ्यासकांचे मत आहे. पेस्टुमला जाण्याआधी ती एकदा पाहून घ्यावी.

जाण्याची सोय अशी : नेपल्सहून पेस्टुमला रेल्वेने साधारण सव्वा ते दीड तास लागतो आणि स्थानकापासून जुन्या तटबंदीच्या वेशीतून पायी दहा-पंधरा मिनिटांत आत पोहोचता येते. गाड्या मोजक्याच असल्याने परतीची वेळ आधी टिपून ठेवावी. या भागात म्हशी पाळल्या जातात आणि त्यांच्या दुधाचे ताजे मोझ्झारेला चीज येथे मिळते. शाकाहारी मंडळींच्या दुपारच्या जेवणाचा प्रश्न त्यामुळे सुटतो.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो. मला जोडून सुट्टी मिळाली तरी हाती दोनच पूर्ण दिवस येतात. या दोन दिवसांत काय पाहू?
– एक वाचक, म्युनिक

उत्तर : आपण पुन्हा येऊ शकता, म्हणून पॉम्पेई या खेपेला सोडून द्यावे. अर्ध्या दिवसात ते उरकणे म्हणजे उन्हातान्हात गर्दीबरोबर चालणे, एवढेच हाती लागते. पहिल्या दिवशी सकाळी हर्क्युलेनियम आणि दुपारनंतर नेपल्सचे संग्रहालय, दुसऱ्या दिवशी पेस्टुम, अशी आखणी केल्यास रोमन घर आणि ग्रीक मंदिर या दोन्ही गोष्टी मनाजोगत्या पाहून होतील.

पेस्टुमऐवजी शहराजवळच राहायचे असल्यास पोझ्झुओलीला जावे. अलेक्झांड्रियाहून येणारी धान्याची जहाजे पहिल्या शतकात याच बंदराला लागत, आणि ती दिसू लागताच धक्क्यावर कशी झुंबड उडे, याचे वर्णन रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने एका पत्रात केले आहे. भारतातून तांबड्या समुद्रामार्गे इजिप्तला पोहोचलेला मालही त्याच अलेक्झांड्रियातून पुढे जात असे. पोझ्झुओलीतील रोमन बाजाराच्या अवशेषांत तीन उंच संगमरवरी खांब उभे आहेत. त्यांच्यावर, जमिनीपासून बरेच वर, दगडात भोके पाडणाऱ्या सागरी शिंपल्यांनी केलेल्या छिद्रांचा एक काळपट पट्टा दिसतो. येथील जमीन ज्वालामुखीय हालचालींमुळे शतकानुशतके खाली-वर होत आली आहे. एके काळी हे खांब तेवढ्या उंचीपर्यंत समुद्रात बुडालेले होते आणि नंतर जमिनीबरोबर वर आले. भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांनी १८३० मध्ये आपल्या ग्रंथाच्या आरंभी याच खांबांचे चित्र छापले, कारण जमीन कोसळून न पडता हळूहळू वर-खाली होऊ शकते, याचा इतका उघड पुरावा दुसरीकडे नव्हता. ती हालचाल आजही चालू आहे आणि अलीकडच्या वर्षांत तेथे भूकंपाचे धक्के वाढले आहेत. त्यामुळे जाण्याच्या आदल्या दिवशी बाजाराचे अवशेष आणि जवळचे अँफिथिएटर खुले आहेत की नाहीत, याची हॉटेलातून चौकशी करून मगच निघावे. बाजाराचे अवशेष आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा खालच्या पातळीवर आहेत, त्यामुळे आत जाता आले नाही तरी कठड्यापाशी उभे राहून तिन्ही खांब आणि त्यांवरचा तो पट्टा नीट दिसतो. बरोबर लहानशी दुर्बीण असल्यास एकेक छिद्रही पाहता येते.